गाडी रिकामी कशाला न्यायची?

कुंडल
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मंगल,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीज करून तुझ्याकडून परत आलो त्याला फार दिवस झाले नाहीत, आणि लगेच पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे खुशाल आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितोय, आणि खरं सांगायचं तर मला लिहायलाच आवडतं.

बातमी अशी, की आपल्या दारात चारचाकी आली. विश्वजितनं पलूसच्या एका डॉक्टरांची घेतली. जुनी आहे, पण मध्यस्थ मला म्हणाला, "डॉक्टर मानूस, नाना. दवाखाना ते घर, एवढीच चाललीया." रंग पांढरा. उन्हात बघितलं तर दुधावर साय धरावी तशी किंचित पिवळी झाक मारते. सूनबाईनं, उत्कर्षानं, नव्या नवरीसारखं तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळी गल्ली गोळा झाली होती.

मला मागच्या सीटवर बसवून कारखान्यापर्यंत फिरवून आणलं. ज्या काट्यावर जन्मभर उसाच्या गाड्या तोलल्या, त्याच्यासमोरून मी काचेआडून गेलो. आणि काय सांगू, एकदम आपली शाळा आठवली. तू चौथीत, मी सातवीत. ओढ्याच्या कडेनं कविता म्हणत यायचो आपण. तुझा सूर वर, माझा खाली. एखादी ओळ विसरली की दोघंही जागच्या जागी उभे, ती आठवल्याशिवाय पाय उचलायचा नाही. त्या नादात दोन ओळी मीच जुळवल्या:

पांढऱ्या पाखरा, पसर रे पंख,
बहिणीच्या गावी वाजू दे शंख.

शंख म्हणजे हॉर्न. यमकासाठी घेतला.

मला चालवता येत नाही हे तुला माहीत आहेच. आपल्या गल्लीतला गुंडा चालवील. आता एस.टी.ची वाट बघणं नाही, कराडला गाडी बदलणं नाही. मनात आलं की निघायचं. तुझी वहिनी असती तर तिलाही तुझ्याकडं आणली असती. असो.

तुझा,
दादा


गोडोली, सातारा
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादा,
साष्टांग नमस्कार.

गाडीचं वाचून आनंद झाला. विश्वजितला सांग, आत्यानं दृष्ट काढली. शंख मात्र वाजवत येऊ नकोस. मला ऐकू यायचा नाही, आणि गल्लीतली कुत्री तुझ्या मागं लागतील.

माझ्याकडं एक विषय निघाला आहे. दिग्विजय येऊन गेला. त्याचं म्हणणं, आई, तू एकटी, ऐकू येत नाही, दार वाजवलं तरी कळत नाही. हे घर विकू आणि तू पुण्याला चल. राग नाही त्याच्या बोलण्यात, काळजीच आहे. गुढीपाडव्यापर्यंत विचार कर म्हणाला. हे मिलिटरीतून सुभेदार म्हणून घरी आले तेव्हा हातात होतं नव्हतं ते घालून हे घर बांधलं. एकेका खिडकीशी उभं राहून त्यांनी वारा कुठून येतो ते बघितलं होतं. पण पोराचंही चुकत नाही.

त्याला हो किंवा नाही म्हणायच्या आधी मला तुला एक विचारायचं आहे. तुझ्या उत्तरावर माझं उत्तर आहे. पत्रात लिहीत नाही. तुझ्याकडं आलेलं पत्र उत्कर्षा वाचते, विश्वजित वाचतो, ओट्यावर बसलेला आकाराम वाचून घेतो आणि मग ते गावाला पाठ होतं. हे तसं नाही. समोर बसून बोलायचं आहे. ये. भाऊबीजेला राहिलास तसा राहायला ये.

तुझी,
मंगल


कुंडल
१६ डिसेंबर २०२४

चि. मंगल,
अनेक आशीर्वाद.

काय दिवस गेला तो! अजून कानात तुझ्या घरातला गलबला आहे.

मी एकटाच येणार होतो, हे तुला सांगायला हवं. पण निघायच्या आदल्या दिवशी आकाराम आला.

"नाना, साताऱ्याला चाललाय म्हणं?"

"व्हय."

"एकटंच?"

"गुंडा हाय की."

"आवं, मग मागली शीट काय हवा खायाला नेताय? माझं झेडपीत काम हाय. बसतो मी."

तो जातोय तोवर शेजारची सुलाबाई. "नाना, माझ्या डोळ्याचं सिव्हिलात दावायचं हाय. मी आपली कोपऱ्यात बसंन, जागा बी लागायची न्हाई." तिला दिसत नाही म्हणून तिची सून बरोबर. तिघांना नाही म्हणायचं कसं? आपल्या आबांची बैलगाडी आठव. बाजाराहून येताना वाटेत चालणारा दिसला की आबा कासरा ओढायचे आणि म्हणायचे, "बसा." ओळख असो, नसो. गाडी रिकामी कशाला न्यायची, हे त्यांचं नेहमीचं. आता त्यांच्या पोराच्या दारात चारचाकी आली आणि त्यानं काच वर करून पुढं जायचं?

तुझ्याकडं सगळ्यांना फार बरं वाटलं. सुलाबाई परतताना म्हणाली, "मंगलताई लय गुणाची. सारखी हासतीया." मीही बघत होतो. कितीतरी दिवसांनी तू अशी हसताना दिसलीस. घर भरलं की बाईमाणसाचा चेहराच उजळतो.

पण तुझं विचारायचं राहिलंच! उंब्रजला आल्यावर आठवलं. गुंडाला म्हटलं, फिरव माघारी. तर सुलाबाई म्हणाली, "माझ्या म्हशीची धार कोन काढणार?" आणि ते खरंही होतं. काय विचारायचं होतं ते थोडक्यात लिही ना. आकारामला मी वाचू देणार नाही.

तुझा,
दादा


गोडोली, सातारा
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादा,
साष्टांग नमस्कार.

पाहुणे चांगले होते. सुलाबाईच्या डोळ्याचं काय झालं ते कळव. तिच्या सुनेनं माझ्याबरोबर सगळी भांडी घासून दिली, पोरगी गुणाची आहे.

मी हसत होते हे खरं. ऐकू येत नसलं की माणूस हसतो, दादा. एकजण समोर बसून बोलला तर ओठ आणि कानातलं मशीन मिळून मला सगळं कळतं. चौघं एकदम बोलायला लागले की कानात पिठाची गिरणी सुरू होते. मग कुणाचं काय चाललंय ते कळत नाही. सगळे हसले की मी हसायचं, सगळे गप्प झाले की मान हलवायची. आकारामभाऊ बराच वेळ काहीतरी सांगत होते, मी "वा, छान" म्हणाले, तर त्यांचा चेहराच उतरला. काय सांगत होते ते?

तू पूर्वी यायचास ते आठवतं का? पहिल्या दिवशी तुझे पाय दुखायचे, तू नुसता पडून राहायचास. दुसरा दिवस गावच्या बातम्यांत जायचा. मग कधीतरी कवितेची वही निघायची. आणि मग केव्हातरी, मी भाजी निवडत असताना, कुणीही न ठरवता, आपलं खरं बोलणं सुरू व्हायचं. आमच्या इंद्रजितचा त्याच्या भावाशी, दिग्विजयशी, अबोला होता ते मी तुला असंच सांगितलं होतं. वहिनींच्या आजाराचं तू मला असंच सांगितलंस.

मला तसंच बोलायचं आहे. थोडक्यात लिहिण्यासारखं ते नाही. पाडव्यापर्यंत वेळ आहे. ये.

तुझी,
मंगल


कुंडल
१० फेब्रुवारी २०२५

चि. मंगल,
अनेक आशीर्वाद.

आकाराम तुला त्याचा बैल दगावल्याचं सांगत होता. त्यानं मनावर घेतलेलं नाही.

तुझ्या पत्रातलं गिरणीचं मी नीट ध्यानात ठेवलं होतं. म्हणून तर परवाच्या खेपेला मोजकीच माणसं आणली. आपल्या गल्लीतल्या भाऊसोची कोर्टात तारीख होती आणि त्याला वकिलाशी बोलायला एक जाणतं माणूस हवं होतं, एवढंच. तारीख पुढं ढकलली, काम लवकर आटोपलं, आणि गावी परतून दुपारी गुंडाला दुसऱ्या भाड्यावर जायचं होतं. तू जेवणाचं सगळं मांडलेलं बघून मला वाईट वाटलं. स्वयंपाकघराच्या दारात तू माझी बाही धरलीस आणि तेवढ्यात भाऊसो हात धुवायला आत आला.

मंगल, या गाडीचं एक एक कळत चाललंय. डॉक्टरांनी दवाखाना ते घर एवढीच चालवली असं म्हणतात, पण दवाखाना कुठल्या गावाला होता ते विचारायचं राहिलं. बॅटरी गेली. टायर बदलले. विमा वेगळा, टोल वेगळा, गुंडाची हजेरी वेगळी. विश्वजित म्हणतो, "नाना, घ्यायची किंमत ही नुसती सुरुवात असते." तो हिशेब त्याचा तो बघतो.

मला दुसरंच काही खटकतं. गाडी दारात उभी असते, तेवढाच वेळ ती माझी. एरवी कुणाची लेक बाळंतपणाला आणायची, कुणाचा नवरदेव मिरवायचा, कुणाला पलूसला सलाईन लावायचं. नाही म्हटलं तर तोंडं फुगतात. परवा देवळात गेलो तर जो तो विचारतोय, "नाना, गाडी हाय का?" नाना कसे आहेत, हे कुणी विचारलं नाही.

आणि स्टँडवरचा तो बाक. एस.टी.ची वाट बघत तिथं बसलो की आमची मंडळी जमायची. आता मी तिथून गाडीतून जातो. ते हात वर करतात. मी हात वर करेपर्यंत स्टँड मागं पडलेला असतो. गुंडाला सांगितलं, जरा सावकाश. तो म्हणाला, "नाना, सावकाश चालवली की ट्राफिक जाम व्हतं." आमच्या स्टँडवर कसलं आलंय ट्रॅफिक? एक म्हैस असते फार तर.

असं असलं तरी मी आनंदात आहे, गाडीचं सुख आहेच. पाडव्याच्या आधी येतो. एकटा. शब्द देतो.

तुझा,
दादा


गोडोली, सातारा
१२ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादा,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला. हात उचलत नव्हता.

तू शब्द पाळलास, हे मी मानते. पाडव्याच्या आधी आलास. मी गेटशीच उभी होते. पुढचं दार उघडलं आणि तू उतरलास, एकटा, नव्या धोतरात. मला इतकं बरं वाटलं, की मी आत वळून चहाचं आधणसुद्धा टाकलं. परत बाहेर येऊन बघते तर मागचं दार उघडलेलं. भाऊसोची लेक, तिचा नवरा आणि तान्हं बाळ.

तू माझ्याकडं बघून हळूच म्हणालास, "मलकापूरला हायवेच्या कडंला उन्हात उभी होती गं. बाळ होतं कडेवर. कसं पुढं जाऊ?"

मी तरी काय म्हणणार? मीही थांबवली असती गाडी. त्या पोरीला बाळाला पाजायला खोली हवी होती, जावयाला पोळी हवी होती, बाळाला पाळणा नव्हता म्हणून मी माझ्या लुगड्याची झोळी बांधली. खोटं कशाला बोलू, बाळ मांडीवर घेतलं तेव्हा घटकाभर मी सगळं विसरले. त्यांचं दवाखान्याचं काम होऊन ती परत आली तशी तुमची गाडी निघाली. ऊन उतरायच्या आत कराड गाठायचं म्हणून तू घाई करत होतास. जाताना तू मला विचारलंस, "बोलायचं होतं ना काहीतरी?" मी म्हणाले, काही नाही. गाडीचं इंजिन चालू होतं, दादा.

पाडव्याला दिग्विजय आला. मी हो म्हणून सांगितलं. सगळं पटकन झालं. घेणारी माणसं चांगली आहेत, एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे. कागदावर माझी सही झाली. मे महिना संपला की किल्ली त्यांना द्यायची. आता त्यात बदल नाही, आणि तू आता येऊन तो करू बघू नकोस. त्यांनी पोरांच्या शाळेचं इथं बघून ठेवलंय.

तुला काय विचारायचं होतं ते आता लिहिते. कुणीही वाचलं तरी चालेल. तू माझ्याकडं कायमचा राहायला येशील का, हे विचारायचं होतं. वहिनी गेल्या, हे गेले. तू तिकडं एका खोलीत, मी इकडं तीन खोल्यांत. तू असतास तर दार वाजलेलं तुला ऐकू आलं असतं आणि मला पुण्याला जायचं कारण उरलं नसतं. पण भाऊ बहिणीच्या दारात जाऊन राहिला म्हटल्यावर कुंडल काय बोलेल, ते मला माहीत आहे. विश्वजितला वाटेल आपलं काय चुकलं. उत्कर्षाला वाटेल आपल्या हातचं गोड लागलं नाही. म्हणून हे पत्रातून विचारायचं नव्हतं, आणि चारचौघांत तर नाहीच. तुझं मन बघत बघत विचारायचं होतं.

तू हो म्हणाला असतास असं नाही. तुला दोषही देत नाही. किल्ली द्यायच्या आधी मात्र राहायला ये. कशानं यायचं ते तुझं तू ठरव. फक्त एकच माणूस ये.

तुझी,
मंगल


कुंडल
२८ एप्रिल २०२५

मंगल,

मायना लिहायचा राहिला, आशीर्वाद धरून घे.

तुझं पत्र पहिल्यांदा उत्कर्षानंच वाचलं, मी शेतात होतो. घरी आल्यावर तिनं ते माझ्या हातात दिलं. जेवायला वाढताना म्हणाली, "नाना, आत्यांनी विचारलं असतं तर गेला असता?" विश्वजितचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "माहीत न्हाई, पोरी." ती म्हणाली, "आमाला वाईट वाटलं असतं. पर आमी तुमाला अडवलं नसतं." तुला आणि मला जिची धास्ती होती, ती गोष्ट एवढीच निघाली बघ. भाकरी आणि आमटी यांच्या मधल्या वेळात संपली.

तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतोय, काय म्हणालो असतो? पहिल्या दिवशी नाही म्हणालो असतो, हे नक्की. मोठ्यानं म्हणालो असतो. काहीतरीच काय, लोक काय म्हणतील, वगैरे. दुसऱ्या दिवशी तुझ्याशी नीट बोललो नसतो. मग त्या खिडकीत बसून, वारा कुठून येतो ते बघत, मनातल्या मनात माझी पेटी कुठं ठेवायची ते ठरवायला लागलो असतो. मी सावकाश माणूस आहे, मंगल. मला होकार द्यायला मुक्काम लागतो. सकाळी येऊन दुपारी जाणाऱ्या माणसाकडून तुला नकारच मिळाला असता. म्हणून तू विचारलं नाहीस ते एका अर्थी बरं झालं, असं म्हणून बघतोय. पटत नाही.

विश्वजितनं परवा गाडीचा वर्षाचा खर्च काढला आणि म्हणाला, "नाना, पांढरा हत्ती पाळलाय आपण. विकूया का?" मी म्हटलं, ठेव. गावाला तिचा उपयोग आहे. भाऊसोच्या नातवाला ती वेळेवर दवाखान्यात घेऊन गेली, ते खोटं कसं म्हणू? पण तुझं घर त्याच्या आकड्यांत कुठं बसवायचं ते मला सांगता येईना.

मी उद्या निघतोय. एस.टी.नं. स्टँडवर जाऊन वेळ विचारून आलो. बाकावरच्या मंडळींनी सरकून जागा दिली आणि सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी परदेशातून आलोय.

गंमत पुढंच आहे. आत्ता आकाराम येऊन गेला.

"नाना, उद्या साताऱ्याला निघालाय म्हणं? मीबी येतो. भाऊसोची बी तारीख हाय."

"या की. गाडी घिऊन जावा. गुंडाला सांगितलंय."

"आन् तुमी?"

"मी यष्टीनं."

"आवं, गाडी तुमची, आन् तुमीच यष्टीनं? जागा हाय की! फुडं बसा, आमी मागं बसतो."

"जागा हाय रं. पर तुमी सांजच्याला माघारी फिरनार."

"मग तुमी कवा येनार?"

"ते म्हाईत न्हाई."

 तो स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाला, "सूनबाई, नाना बरं हायती न्हवं?"

पोस्टानं हे पत्र माझ्यानंतर पोचेल, म्हणून आकारामच्याच हाती देतोय. पाकीट डिंकानं चिकटवलंय. चिकटवताना तो बघत होता, त्याला जरा लागलं असावं. गाडी माझ्या बरीच आधी येईल. मी तिच्यात नसेन, तेव्हा दारात उभी राहून वाट बघू नकोस. त्यांना चहा दे आणि वाटेला लाव. "थांबा" म्हणू नकोस, आकाराम थांबेल.

मी कराडला गाडी बदलून दुपार कलता येईन. गेटला आतून कडी लावलेली असली तर माझी हाक तुला ऐकू यायची नाही. तेवढी उघडी ठेव.

तुझा,
दादा